मुक्या सोबत्याचें सुतक

घरांतील माणूस गेलें म्हणजे काय करावयाचें, हें आपल्या समाजानें फार पूर्वींच ठरवून ठेविलें आहे. दहा दिवसांचें सुतक, तेरावा, वर्षश्राद्ध. शेजाऱ्यांनीं पिठलेंभात आणून द्यावा, आप्तांनीं भेटावयास यावें, घरच्यांनीं वर्षभर सण करूं नये. शोकाला अशी चाकोरी असली म्हणजे त्याला वाहून जाण्यास वाट मिळते. परंतु चौदा-पंधरा वर्षें घरांत वावरलेलें कुत्रें किंवा मांजर म्हातारपणानें मेलें, तर त्याच्यासाठीं शास्त्रांत सुतक नाहीं आणि व्यवहारांत रजा नाहीं. घरधनी कचेरीस जातो, मुलें शाळेंत जातात, आणि संध्याकाळीं दार उघडतांना रोजची चाहूल तेवढी ऐकूं येत नाहीं. अशा वेळीं कोणी सहज म्हणतो, "कुत्रेंच तें, दुसरें आणा!" सांत्वनाच्या हेतूनें उच्चारलेल्या या वाक्यानें जितकें दुखतें, तितकें मौनानें दुखत नाहीं.

हा शोक खरा कीं केवळ लाडाकोडाचा, अशी शंका सुशिक्षितांच्याहि मनांत असते. कित्येकांना तें पाश्चात्त्यांचें खूळ वाटतें, कित्येकांना रिकाम्या श्रीमंतीचा चोचला वाटतो. म्हणून ज्याच्या घरीं असा प्रसंग येतो तो आपलें दुःख चोरून ठेवतो, आणि दुःखापेक्षां त्याची लाजच त्याला अधिक जड होते. या शंकेचा निर्णय मानसशास्त्रावर न सोंपवितां इतिहासाची साक्ष काढून पाहावा, असा आमचा विचार आहे.

पहिली साक्ष लिखित इतिहासाच्याहि पलीकडील आहे. १९१४ सालीं जर्मनींतील बॉन शहराजवळ ओबरकासेल येथें दगडाच्या खाणींत एक प्राचीन दफन सांपडलें. त्यांत एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासमवेत एक कुत्रें होतें. तें दफन सुमारें चौदा हजार वर्षांपूर्वींचें ठरलें आहे. त्या काळीं माणसाला शेती ठाऊक नव्हती. गाय-बैल त्याच्या दावणीस आले नव्हते. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या परीक्षणांत त्या कुत्र्याच्या दांतांवरून असें अनुमान निघालें कीं, तें पुरतें सात महिन्यांचेंहि नव्हतें आणि मरण्यापूर्वीं कांहीं आठवडे त्याला डिस्टेंपरसारखा जबर रोग जडला होता. अशा स्थितींत कोणी ऊब दिल्यावांचून व पाणी पाजल्यावांचून तें इतके दिवस तग धरतें ना. शिकारीला त्याचा कांहीं एक उपयोग नव्हता. तरीहि स्वतःच्या पोटाची भ्रांत असलेल्या माणसांनीं त्याची शुश्रूषा केली आणि शेवटीं त्याला आपल्या माणसांच्या शेजारीं निजविलें. हा रिकाम्या श्रीमंतीचा चोचला खास नव्हे.

म्हाताऱ्या जनावरांविषयींची साक्ष तांबड्या समुद्राच्या कांठीं मिळते. इजिप्तच्या त्या किनाऱ्यावर बेरेनिके नांवाचें बंदर होतें. रोमन साम्राज्याचा आणि हिंदुस्थानचा जो व्यापार चाले, त्यांतील मिरीं, वस्त्रें व रत्नें तेथें उतरत. या बंदराच्या वेशीबाहेर इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील जनावरांची एक दफनभूमि उत्खननांत सांपडली. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांत ५८५ प्राण्यांच्या अवशेषांची नोंद आहे. त्यांत मांजरें नऊदशांशांहून अधिक, बाकीचीं बहुतेक कुत्रीं, आणि थोडीं माकडें. कोणाच्या गळ्यांत मण्यांची माळ, कोणाच्या मानेंत लोखंडी पट्टा. कोणावर पांघरुणासारखें कापड, तर कोणावर फुटक्या रांजणाची खापरी. इजिप्तच्या देवळांतून बळी दिलेल्या मांजरांप्रमाणें त्यांच्या अंगांत मसाले भरलेले नाहींत. तीं झोंपलेलीं दिसावीं अशा बेतानें ठेवलीं आहेत.

या दफनभूमींतील कांहीं कुत्रीं अतिशय म्हातारीं होतीं. त्यांचे दांत पडून गेले होते, हिरड्या कुजल्या होत्या, सांधे झिजले होते. आतां बेरेनिके म्हणजे भर वाळवंट. तेथें धान्य पिकत नसे. खाण्याचें सामान दुरून आणावें लागे. अशा ठिकाणीं दांत नसलेलें कुत्रें जगलें, याचा अर्थ कोणी तरी त्याला रोज मऊ अन्न कालवून भरविलें. व्यापाऱ्यांच्या त्या गांवीं प्रत्येक घांसाला मोल होतें, आणि तो घांस ज्याच्यापासून कांहीं मिळावयाचें नाहीं अशा जिवाला मिळाला. त्या माकडांपैकीं कांहीं तर हिंदुस्थानांतून गेलेलीं होतीं, असें त्यांच्या हाडांवरून ठरलें आहे. आपल्या रानांतलीं माकडें समुद्रापलीकडे कोणा परक्याच्या घरीं रमलीं, आणि मेल्यावर त्यानें तीं उकिरड्यावर न टाकतां नीट पुरलीं.

बेरेनिकेच्या रहिवाशांनीं आपल्या भावना लिहून ठेवलेल्या नाहींत. परंतु इतरांनीं ठेवल्या आहेत. इ. स. पूर्व पांचव्या शतकांतील हिरोडोटस सांगतो कीं, इजिप्तमध्यें घरचें मांजर मेलें म्हणजे घरांतील सर्व माणसें आपल्या भुंवया काढून टाकीत, आणि कुत्रें मेलें तर डोकें व सर्वांग भादरीत. म्हणजे ज्या सुतकाचा अभाव आपणांस आज जाणवतो, तें तेथें प्रत्यक्ष होतें. भुंवया पुन्हां वाढेपर्यंत रस्त्यानें जाणाऱ्यालाहि समजे कीं या घरीं कोणी गेलें आहे. इटलींत सालेर्नो येथें पात्रिकुस नांवाच्या लाडक्या कुत्र्याचा रोमन काळांतील थडग्याचा लेख सांपडला आहे. पंधरा वर्षांपूर्वीं ज्याला आनंदानें उचलून आणलें, त्यालाच आज रडत रडत उचलून नेत आहों, असा त्याचा भाव आहे. दोन हजार वर्षें लोटलीं, तरी म्हाताऱ्या कुत्र्याचा शेवटचा प्रवास याहून अचूक कोणी सांगितलेला आमच्या वाचनांत नाहीं.

तथापि प्राचीनांत सर्वच असे हळवे नव्हते. रोमचा प्रसिद्ध काटकसरी काटो हा स्पेनच्या मोहिमेवर ज्या घोड्यावर बसला होता, तो घोडा त्यानें परत येतांना तेथेंच सोडला. कां, तर त्याच्या जहाजाच्या भाड्याचा भार सरकारी खजिन्यावर पडूं नये म्हणून. थकलेले गुलाम विकून टाकावेत, हाहि त्याचाच उपदेश. चरित्रकार प्लूटार्क या ठिकाणीं थबकतो आणि आपल्या नायकाला दोष देतो. कायदा व न्याय माणसांपुरतें आहेत, पण दया त्यांच्याहून रुंद आहे, असें त्याचें म्हणणें. म्हणून थकलेल्या घोड्यांना आणि म्हाताऱ्या कुत्र्यांना पोसणें हें तो सज्जनाचें लक्षण मानतो. तो दाखला देतो तो अथेन्सचा. तेथील मोठें मंदिर बांधतांना थकलेल्या खेंचरांना मोकळें सोडलें होतें. त्यांतील एक आपण होऊन पुन्हां कामावर येऊं लागलें, तेव्हां त्याला जन्मभर सरकारी खर्चानें पोसावें असा ठराव झाला. इ. स. पूर्व ४८० मध्यें इराण्यांच्या स्वारीपुढें अथेन्स सोडून लोक जहाजांनीं सालामिस बेटावर गेले, तेव्हां झांथिप्पस नांवाच्या सरदाराचें कुत्रें त्याच्या जहाजाबरोबर पोहत गेलें व किनाऱ्यास लागतांच मेलें. जेथें त्याला पुरलें त्या भूशिराला कुत्र्याचें थडगें हेंच नांव पडलें. आमच्या मतें या विषयांतील खरा वाद येथेंच आहे. वाद रडावें कीं न रडावें हा नाहीं. उपयोग संपला म्हणजे नातें संपतें कीं नाहीं, हा आहे. जो काटोच्या बाजूचा, त्याला शोकाचा प्रश्नच पडत नाहीं. शोक हा प्लूटार्कच्या पक्षाला लागणारा कर होय.

आतां आपल्या घरीं येऊं. युधिष्ठिराच्या कुत्र्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. पण तिच्यांतील एका मुद्द्याकडे क्वचितच लक्ष जातें. महाप्रस्थानाच्या वाटेवर द्रौपदी व चारी भाऊ पडले, तेव्हां धर्मराज थांबला नाहीं. आणि कुत्र्यासाठीं मात्र त्यानें स्वर्गाच्या दारांत पाऊल अडविलें. इंद्रानें हीच विसंगति दाखविली. त्यावर युधिष्ठिराचें उत्तर असें कीं, मेलेल्यांना परत आणणें माझ्या हातीं नव्हतें, म्हणून त्यांना मागें ठेविलें; ते जिवंत असतां मीं त्यांना टाकलें नाहीं. हें कुत्रें जिवंत आहे व माझ्या आश्रयास आलेलें आहे. या उत्तरांत कर्तव्याची सीमा स्पष्ट आंखलेली आहे.

कथा बाजूला ठेवून शिलालेख पाहिला तरी तेंच दिसतें. कर्नाटकांत मंड्या जिल्ह्यांतील आतकूर येथें दहाव्या शतकाच्या मध्याचा एक वीरगळ होता. तो आतां बंगळुराच्या सरकारी संग्रहालयांत आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा मेहुणा, गंग वंशांतील बूतुग, यानें मणलेर नांवाच्या आपल्या वीरावर प्रसन्न होऊन वर माग म्हटलें, तेव्हां त्यानें काळी नांवाचें शिकारी कुत्रें मागून घेतलें. पुढें एका रानडुकराशीं झुंजतांना डुक्कर व काळी दोघेंहि मेलीं. मणलेरानें देवळासमोर दगड उभा केला, त्यावर ती झुंज कोरविली आणि पूजेसाठीं जमीन लावून दिली. पूजा केल्यावांचून जो पुजारी त्या जमिनीचें अन्न खाईल त्याला पाप लागेल, असा निर्बंधहि घातला. त्याच दगडावर चोळ राजाच्या पराभवाची मोठी हकीकत आहे. साम्राज्याचें युद्ध आणि एका कुत्र्याचें मरण एकाच शिळेवर लिहितांना त्या काळच्या लोकांना कांहीं विसंगत वाटलें नाहीं.

महाराष्ट्रापुरतें पाहावयाचें, तर साताऱ्याजवळ संगम माहुली येथें थोरल्या शाहू छत्रपतींच्या खंड्या नांवाच्या कुत्र्याची समाधि दाखवितात. त्यानें वाघापासून महाराजांचा जीव वांचविला अशी परंपरा आहे. रायगडावरील वाघ्याच्या कथेला समकालीन कागदपत्रांचा आधार नसल्यामुळें ती आम्ही येथें साक्षीस घेत नाहीं. आणि राजेरजवाड्यांचीच साक्ष कशाला हवी? पोळ्याच्या दिवशीं बैलाचे खांदे शेकून त्याला पुरणपोळी भरविणारा, आणि म्हातारा बैल मेला तर त्याला कसायास न देतां स्वतःच्या शेतांत पुरणारा शेतकरी आपल्या गांवोगांव आहे. मुंबईंत १८३२ सालीं सरकारनें भटकीं कुत्रीं मारण्याची मोहीम काढली, तेव्हां पारशी समाज खवळून उठला व दंगा झाला. पुढें १८३४ सालीं जमशेटजी जिजीभाई यांच्या पुढाकारानें जो पांजरपोळ स्थापन झाला, तो थकल्याभागल्या मुक्या जिवांचा आश्रय म्हणूनच.

येथवर प्रश्न सोपा होता. पण पोसणें हें जेथें यातना लांबविणें होऊं लागतें, तेथें काय करावें? पशुवैद्यक वाढल्यापासून हा प्रश्न पुष्कळ घरांत उभा राहतो, आणि मागाहून मनाला कुरतडतो तोहि हाच. १९२८ सालीं साबरमतीच्या आश्रमांत एक वासरूं असाध्य दुखण्यानें तळमळत होतें. सर्व उपाय हरल्यावर गांधीजींनीं डॉक्टरकडून सुई टोंचवून त्याची सुटका केली, आणि त्या वेळीं ते स्वतः तेथें हजर राहिले. अहिंसेच्या उपासकानें गोवत्साचा प्राण घेतला, म्हणून त्यांच्यावर संतापलेल्या पत्रांचा वर्षाव झाला. त्यांनीं तें कृत्य लपविलें नाहीं. स्वतःच्या पत्रांतून त्याचें समर्थन केलें. ज्यांत आपला स्वार्थ नाहीं व दुसऱ्याच्या यातनेचाच अंत आहे, ती हिंसा नव्हे, असा त्यांचा पक्ष. तो सर्वांस मान्य होईल असें नाहीं. पण त्यानें एक कसोटी हातीं येते: हा निर्णय आपली दगदग चुकविण्यासाठीं आहे कीं त्या जिवाची? या प्रश्नाचें प्रामाणिक उत्तर ज्यानें स्वतःला दिलें, त्यानें मग पोसलें असो वा सोडविलें असो, स्वतःला अपराधी मानण्याचें कारण नाहीं.

पाश्चात्त्यांत तरी हें दुःख सदैव प्रतिष्ठित होतें असें नाहीं. प्रशियाचा दुसरा फ्रेडरिक यानें आपल्या पाळीव कुत्र्यांना पोट्सडॅमच्या राजवाड्याच्या गच्चीवर पुरलें होतें आणि त्यांच्याच शेजारीं आपणांस पुरावें अशी इच्छा लिहून ठेवली होती. १७८६ मध्यें तो वारल्यावर त्याच्या पुतण्याला तें कमीपणाचें वाटलें व त्यानें त्याला चर्चमध्यें पुरलें. ती इच्छा पुरी झाली ती १९९१ सालच्या ऑगस्टमध्यें, दोनशें पांच वर्षांनीं. उलट सर वॉल्टर स्कॉट याचा कँप नांवाचा म्हातारा कुत्रा १८०९ मध्यें मेला, तेव्हां त्या दिवशींचें जेवणाचें आमंत्रण त्यानें एका प्रिय जुन्या मित्राच्या मृत्यूचें कारण देऊन नाकारलें. सबब म्हणून नव्हे. शब्दशः खरें म्हणून.

स्कॉटच्या या सरळपणांत आमच्या मतें घ्यावयाजोगें पुष्कळ आहे. ज्या घरीं असा प्रसंग येईल त्यानें दुःखाला त्याच्या नांवानेंच हांक मारावी. मुलांना "तो दूर गांवीं गेला" असें खोटें सांगूं नये; पुष्कळ मुलांना मरणाची पहिली ओळख याच वाटेनें होते, आणि ती सत्यानें झालेली बरी. शक्य असेल तेथें देह आपल्या हातांनीं मातींत ठेवावा, वर एखादें रोप लावावें. मोकळी जागा लागलीच भरण्याची घाई करूं नये; नवें पिलूं यावें तें त्याच्या स्वतःच्या ओढीनें यावें, जुन्याच्या बदलीवर येऊं नये. हें सुतक शास्त्रानें घालून दिलेलें नाहीं, म्हणून तें ज्याचें त्यानेंच ठरवावयाचें आहे. कोणाला दोन दिवस पुरतील, कोणाला वर्ष लागेल.

आणि आपण पुरेसें केलें कीं नाहीं, ही टोंचणी रात्रीं जागें ठेवूं लागली, तर धर्मराजाचें माप आपणांस लावून पाहावें. गेलेल्याला परत आणणें कोणाच्याहि हातीं नाहीं. तो जिवंत असतां, दांत पडले, डोळे गेले, जिना चढवेना, तेव्हां आपण त्याला टाकलें होतें काय? टाकलें नसेल, तर आपण देणें फेडलें आहे. राहिलें तें ऋण नव्हे, प्रीति आहे.