गोठ्यातली शाळा

माधवनगर मागे टाक आणि तासगावच्या रस्त्याला लाग. बुधगाव जाऊ दे, कवलापूर जाऊ दे. उसाच्या ट्रॉल्या, द्राक्षबागांवर फवारलेल्या औषधाचा वास, मोबाइलचे मनोरे, सगळं एकेक वगळत चल. डांबर संपेल, खडी लागेल, खडी संपून फुफाटा लागेल. फुफाट्यात तुझे पाय अनवाणी होतील आणि काखेत वजन येईल. ते वजन तुझ्या दीड वर्षाच्या भावाचं. साल १९४४, महिना पौष. तू नऊ वर्षांची आहेस आणि तुला शाळेला उशीर झालाय.

तुझी वाडी तासगाव तालुक्यात, म्हणजे सातारा जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजी मुलखात. दक्षिणेला चालत गेलं की बुधगावच्या पटवर्धनांचं संस्थान, पुढे सांगलीच्या पटवर्धनांचं. उत्तरेला कुंडलकडे गेलं की औंधच्या पंतप्रतिनिधींचा अंमल. तिथल्या पोरांना शाळेत रोज सूर्यनमस्कार घालावे लागतात, हे तू ऐकून आहेस. आबा शेंगांची पोती गाडीत घालून माधवनगरच्या पेठेत जातो, तेव्हा दिवसभरात परक्या राज्यात जाऊन परत येतो. सांगली जिल्हा नावाचं काही अजून जन्मालाच आलेलं नाही. १९४९ साली दक्षिण सातारा होईल आणि १९६० साली त्याचं नाव सांगली पडेल. तुझ्या मास्तरांनी सातारा जिल्ह्याचा नकाशा भिंतीला टांगलाय. त्यात संस्थानांचे तुकडे वेगळ्या रंगांत इकडेतिकडे पसरलेत. तिसरीला भूगोल सुरू होतो तो या नकाशापासून, आणि पहिला प्रश्न असतो, ‘आपली वाडी कुठं हाय?’ नकाशात वाडी नाहीच. मास्तर शिसपेन्सिलीने एक ठिपका काढतात, तो बोटं लागून पुसला की पुन्हा काढतात.

शाळा म्हणजे एक गोठा. जनावरं हलवून, जमीन चोपून, सारवून घेतलेला. दावणीचे खुंटे उपटलेत, गव्हाण मात्र भिंतीला लागून तशीच आहे. मारुतीचं देऊळ रिकामं असताना गोठा कशाला, असं गावातल्या जुन्या माणसांनी विचारलं होतं. मास्तर म्हणाले, देवळात भरवली तर महारवाड्यातली आणि मांगवाड्यातली पोरं पायरीखाली बसतील, आणि मला सगळी एका छपराखाली पाहिजेत. ही एकट्या मास्तरांच्या हट्टाची गोष्ट नव्हती. ते ज्या संस्थेतून आलेत, ती रयत शिक्षण संस्था भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी काढली आणि पुढे साताऱ्याला नेली. तिथल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहतात, एकत्र जेवतात. १९३५ साली संस्थेने साताऱ्यात शिक्षक तयार करण्यासाठी सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढलं आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत ज्या खेड्यांत शाळाच नाही तिथे व्हॉलंटरी शाळा उघडायला सुरुवात केली. पुढे त्यांची संख्या पाचशेवर गेली. बहुतेक ठिकाणी मास्तर एकच, खोली एकच. गावाने जागा द्यायची आणि मास्तर उपाशी राहणार नाही एवढं बघायचं.

साताऱ्यातच १९००च्या नोव्हेंबरात भीमराव नावाचा मुलगा इंग्रजी शाळेत दाखल झाला होता. तो घरून आणलेल्या तरटावर वेगळा बसायचा आणि तहान लागली तर कोणी वरून पाणी ओतेपर्यंत थांबायचा. चव्वेचाळीस वर्षांनंतर तुझ्या गोठ्यात तरट सगळ्यांना एकच आहे. पाण्याचं मात्र अजून जमलेलं नाही. घागर कोपऱ्यात आहे, आणि महारवाड्यातल्या पोराच्या ओंजळीत मास्तर स्वतः पाणी घालतात, कारण त्याने घागरीला हात लावला तर दुसऱ्या दिवशी निम्मी शाळा घरी बसेल. मास्तरांना ते बोचतं. पाणी घालताना ते कोणाकडे बघत नाहीत. तू हे रोज बघतेस आणि अजून विचारलेलं नाहीस.

उंबऱ्यावर पोचलीस की थांब. आत प्रार्थना संपलीय, नखं तपासणं चाललंय. ‘मास्तर, येऊ का?’

‘ये. झोपलाय का त्यो?’

‘व्हय जी.’

‘मग ठेव गव्हाणीत.’

गव्हाणीत मास्तरांनी कडबा आणि वर पोतं घातलंय. वाडीतल्या तीन मुली शाळेत येतात, आणि तिघींच्याही काखेत कोणीतरी असतं. हे पोतं घातलं नसतं तर मुलींचा पट कोराच राहिला असता. मुलींना शिकवा म्हणून गावागावांत भाषणं होत होती. या मास्तरांनी भाषण न करता पोरं निजवायची सोय केली. मला त्यांच्या सगळ्या कामात हे सर्वांत मोठं वाटतं.

आता खोली नीट बघ, कारण इथे बसायची एक रीत आहे. दाराच्या उजेडात बिगरी. त्यांच्यापुढे जमिनीवर बारीक धूळ पसरलीय, त्यात बोटाने अक्षर गिरवायचं, हाताने पुसायचं, पुन्हा गिरवायचं. त्यांच्या पलीकडे पहिली आणि दुसरी, पाठीला पाठ लावून. फळ्यासमोर तिसरी, म्हणजे तू. फळा म्हणजे काजळी फासून काळा केलेला भिंतीचा तुकडा. गव्हाणीच्या अंगाला चौथी, तिथे शाईची दौत आणि बोरू. पटावर एकतीस नावं आहेत, आज सतरा आलीत. शाळू हुरड्यात आलाय आणि पाखरं तुटून पडलीत. उरलेली चौदा पोरं माळ्यावर उभी राहून गोफण फिरवतायत. मास्तर त्यांच्यावर रागवत नाहीत. हजेरी घेताना नाव घेतात आणि पुढे ‘राखणीला’ म्हणतात. ‘गैरहजर’ हा शब्द पौष-माघात त्यांच्या तोंडी येत नाही.

एक माणूस पाच ठिकाणी कसा शिकवतो? चौथीला नवयुग वाचनमालेतला उतारा दिला की ते अर्धा तास कित्ता काढतात. दुसरीला बेरजा फळ्याच्या एका कडेला. तिसरीतला हुशार पोरगा उठून पहिलीची बाराखडी घेतो. बिगरीचा हात चौथीतल्या मुलीने धरायचा. एवढं लावून दिलं की मास्तर मोकळे होतात आणि एका वर्गापुढे मांडी घालून बसतात. बाकी चार वर्गांचे कान उघडेच असतात. वर्गावर्गांत भिंत नाही, त्यामुळे कुठलाच धडा आपल्या वर्गापुरता राहत नाही. तू पहिलीत होतीस तेव्हाच चौथीच्या कविता तुला पाठ होत्या. दुसरीत असताना अडीचकीपर्यंत मजल गेली होती, कोणी घोकून न घेता. मोठ्यांचं ऐकून पुढचं कळायचं, आणि लहानांचं ऐकून मागचं पक्कं व्हायचं. पुढे वर्गावर्गाला खोल्या झाल्या, खोल्यांना दारं झाली आणि एकेका वयाची पोरं एकेका खोलीत गेली. त्यात मिळालं पुष्कळ; पण हे सांडलेलं शिक्षण गेलं, आणि ते परत आणायचा कोणी फारसा प्रयत्न केला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गोठ्याचे गोडवे गायचे म्हणून निरगुडीचा फोक लपवता येणार नाही. तो आढ्याला खोचलेला आहे. पाढा चुकला तर एक, खोटं बोललं तर दोन. बिगरीतलं एक पोर त्या भीतीने दिवाळीपासून आलेलं नाही. आणि दर शनिवारी सकाळच्या शाळेनंतर जमीन सारवायची असते, ती तिघी मुलींनीच. पोरं तेवढ्या वेळात सूरपारंब्या खेळतात. मास्तरांना त्यात काही चूक दिसत नाही. दिसायला हवी होती.

उन्हाची तिरीप उंबरा ओलांडून पहिलीच्या तरटावर आली की मास्तर टाळी वाजवतात. सगळ्या शाळेची उजळणी एकत्र. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. बिगरी पावकीला थांबते, पहिली निमकीला, आवाज पातळ होत जातो आणि औटकीला फक्त चौथी उरते. चौथी आणि तू. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. बे औटं सात, तीन औटं साडेदहा. मास्तर तुझ्याकडे बघतात आणि मध्येच हात वर करून सगळ्यांना थांबवतात.

‘तेल साडेतीन आणे शेर. सात शेराचं किती?’

चौथीतली पोरं अजून पाटीकडे हात नेतायत. तुझ्या डोक्यात सात औटं साडेचोवीस वाजून गेलंय. चोवीस आणे म्हणजे दीड रुपया, वर अर्धा आणा म्हणजे दोन पैसे. ‘दीड रुपाया आन् दोन पैसं, मास्तर.’ रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, मणाचे चाळीस शेर. या सगळ्या मापांत पाव, अर्धा आणि पाऊण पावलोपावली येतात, म्हणून हे पाढे. बाजारात उभ्याउभ्या हिशेब करणाऱ्या माणसाला कागद लागू नये, एवढाच त्यांचा उद्देश. १९५७ साली नवे पैसे येतील आणि औटकीचं काम संपत जाईल.

लांबून, नांद्रे-भिलवडीच्या अंगाने, गाडीची शिट्टी येते. पुणे-मिरज मीटरगेजची गाडी. पोरं माना वळवतात आणि मास्तर काही न बोलता वळवू देतात. गेल्या वर्षी ७ जूनला याच मार्गावर शेणोलीजवळ तुफान सेनेने गाडी अडवून सरकारी पैसा काढून घेतला. त्यानंतर महिना-दीड महिन्याने, २४ जुलैला, वसंतदादा पाटील साथीदारांना घेऊन सांगलीचा तुरुंग फोडून निसटले. या भागात इंग्रजांना न जुमानणारं नाना पाटलांचं पत्रीसरकार चालतं; तुफान सेना त्याचीच. रात्री कधी तुझ्या घरी पाच-सहा भाकरी जास्त थापल्या जातात, आणि सकाळी त्या कुणी खाल्ल्या हे विचारायचं नसतं. वाडीतल्या सगळ्या पोरांना हा नियम माहीत आहे. मागच्या महिन्यात शाळा तपासायला दिपोटीसाहेब आले, तेव्हा त्यांच्यासोबत एक हवालदारही होता. साहेबांनी विचारलं, हिंदुस्थानची राजधानी कुठली. सगळे हात वर. हवालदाराने विचारलं, रात्री गावात कोण येतं. एकही हात वर नाही. साहेबांनी शेरेबुकात मुलं तयार असल्याचं लिहिलं.

दुपारी चौथीला मोडी. बोरू तासून मास्तर एकेकाच्या हातात देतात आणि वाचायला जुने कागद काढतात, कुणाच्या माळ्यावरची पत्रं, फाटके रोखे. मोडी लिहिताना हात उचलायचा नसतो, त्यामुळे अक्षरं एकमेकांत अडकतात आणि नवख्याला सगळी ओळ सारखीच दिसते. तिसरीला मोडी नाही. तुला या वेळात शुद्धलेखनाच्या दहा ओळी लिहायच्यात. भाऊ जागा झालाय, म्हणून तू त्याला मांडीवर घेऊन गव्हाणीला टेकून बसलीस. तिथून चौथीचा कागद उलटा दिसतो. मास्तर बोट ठेवून सांगतात, हा ‘द’, ही त्याची वेलांटी, हा पुढे ‘ड’, झालं ‘दीड’. हे ‘सव्वा’. व्याजाच्या कागदात हे दोन शब्द नीट ओळखायचे, रे. गेले सहा महिने तू असा उलटा कागद वाचतेस. मास्तरांना ते कधीच कळलंय. कागद ते हल्ली जरा तुझ्या बाजूला सरकवून धरतात.

संध्याकाळी आबा राखणीवरून येतो. आज सावकाराचा माणूस येऊन गेलाय, नवा रोखा ठेवून गेलाय. शंभर रुपये, उद्या अंगठा करायचा. आबा कागद चिमणीपाशी धरून उलटसुलट करतो. त्याला त्यातलं अक्षर येत नाही. ‘सव्वा टक्का म्हनाला म्हैन्याला,’ तो आईला सांगतो. ‘वर्साचं पंधरा.’

तू भावाला खाली ठेवतेस आणि कागद बघतेस. पहिली ओळ लागत नाही. दुसरीतली नावं अर्धी लागतात. तिसरीत ‘दर शेकडा’ आहे, ते मास्तरांच्या कागदातही असायचं. त्याच्या पुढचा शब्द तू दोनदा वाचतेस.

‘आबा, हितं सव्वा न्हाई. दीड हाय.’

‘तुला काय कळतंय?’

‘ह्यो द, ही वेलांटी, ह्यो ड. बारा दिडं अठरा. वर्साला तीन रुपयं जादा.’

आई चुलीपुढची उठून जवळ येते. आबा तुझ्या बोटाखालचा शब्द बघत राहतो. मग कागदाची घडी घालतो, खुंटीवरचं मुंडासं डोक्याला गुंडाळतो.

‘चल मास्तरांकडं,’ तो म्हणतो. ‘आन् त्याला ठेव म्हातारीपाशी. उद्यापासनं साळंला बी म्हातारीपाशीच ठेवायचा.’