राजधानी आली नाही, बाजार आला

नवी मुंबईला इतिहास तो कसला, असे विचारणारे सज्जन मला नेहमी भेटतात. जे शहर वयाने माझ्याएवढेच आहे, त्याला फार तर जाहिरात असेल, इतिहास कोठून असणार? परंतु श्रोतेहो, इतिहासाला जुन्या दगडांची गरज नसते. कोणी काय ठरविले, ठरल्यापैकी काय झाले आणि जे झाले नाही ते कोणाच्या सोयीसाठी झाले नाही, एवढे तीन प्रश्न विचारता आले म्हणजे इतिहास सुरू झाला, असे मी समजतो. पुस्तके मी रात्रपाळीच्या उजेडात वाचली. तेव्हा माझी व्याख्या विद्वानांना कितपत पटेल ते त्यांनी पाहावे.

वाशीकडून बेलापूरला पाम बीच मार्गाने जा. सुमारे दहा किलोमीटरांचा हा रस्ता. एका अंगाला खाडी, खारफुटी आणि हंगामात रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे. दुसऱ्या अंगाला काचेच्या खिडक्यांच्या उंच इमारती. पुण्याहून किंवा साताऱ्याहून आलेला पाहुणा हे पाहतो आणि म्हणतो, "राजधानीच्या श्रीमंतांनी आपल्यासाठी हे उपनगर बांधून घेतले वाटते!" पाहुण्याचा दोष नाही. पण मूळ बेत हा नव्हता.

बेत १९६५ सालचा आहे. चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता हे वास्तुशास्त्रज्ञ आणि शिरीष पटेल हे अभियंते, अशा तिघांनी 'मार्ग' या नियतकालिकातून एक योजना मांडली. मुंबई उत्तरेकडे लांबतच चालली आहे, सकाळी सगळे दक्षिणेकडे आणि संध्याकाळी सगळे उत्तरेकडे, हा जाच सोडवायचा तर खाडीच्या पूर्वेला नवे शहर वसवा, असा तिचा सारांश. पण नुसती घरे बांधून लोक जात नाहीत. पोट जिकडे भरते तिकडे माणूस जातो, हे त्या तिघांनी ओळखले होते. म्हणून त्यांचे म्हणणे असे की, राज्य सरकारने स्वतःच आपला कारभार पलीकडे न्यावा. सरकार गेले की कचेऱ्या जातील, कचेऱ्या गेल्या की कारकून जातील आणि कारकुनामागून दुकानदार जाईल. सरकारने हे म्हणणे तत्त्वतः मानले. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे जिल्ह्यातील आणि त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातील मिळून ९५ गावांचे सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र तिच्याकडे सोपविण्यात आले. वीस लाख वस्तीचा अंदाज धरला गेला. निरनिराळ्या आर्थिक थरांना मिळणाऱ्या सोयींतील तफावत कमी व्हावी, हे आराखड्याच्या उद्दिष्टांत होते. अमिरांची वसाहत उभारावी असे कोणी लिहिले नव्हते.

मग झाले काय? सरकार आले नाही. इकडे नवे शहर आखले जात असतानाच तिकडे बॅकबेला समुद्रात भराव पडत होता आणि नरिमन पॉइंटच्या भूखंडांवर मजल्यांवर मजले चढत होते. एका हाताने गर्दी पांगवायची आणि दुसऱ्या हाताने तिला बोलवायचे, असा हा कारभार. १९८१ साली, म्हणजे सिडकोच्या स्थापनेनंतर अकरा वर्षांनी, राज्याच्या विधिमंडळासाठी नवे विधान भवन बांधून पुरे झाले. तेही नरिमन पॉइंटलाच! बेलापूरच्या वाट्याला कोकण भवन आले, विभागीय आयुक्त आले. राजधानी काही आली नाही. मंत्र्याला व सचिवाला मलबार हिल सोडून खाडीपलीकडे जाण्याचा हुकूम कोण देणार?

हुकूम देता येतो तो दुसऱ्यांना. मुंबईचा घाऊक बाजार पूर्वी भायखळ्याला भाजीचा, क्रॉफर्ड मार्केटात फळांचा, दाणाबंदरला धान्याचा असा विखुरलेला होता. १९७७ साली मुंबईची कृषि उत्पन्न बाजार समिती झाली आणि पुढच्या वीस वर्षांत कांदा-बटाटा, धान्य, मसाले, शेवटी १९९६ मध्ये फळे व भाजी, असा हा सारा बाजार टप्प्याटप्प्याने वाशीला आणला गेला. व्यापाऱ्यांनी कुरकुर पुष्कळ केली. ती ऐकून तरी घेण्यात आली. त्यांच्या मालाची पोती ज्यांच्या पाठीवर होती, त्या माथाडी कामगारांना मात्र कोणी फारसे विचारले नाही.

हा माथाडी कोण, हे येथे थोडे सांगितले पाहिजे. बहुतेक सातारा, सांगली, पुणे या जिल्ह्यांच्या कोरडवाहू भागातला. गावाकडे दोन-चार एकर जमीन, तीही पावसाच्या भरवशावर. मुंबईत मस्जिद बंदराकडे गावकीची एक खोली, तिच्यात वीस-पंचवीस गडी पाळीपाळीने झोपणारे. मालक सांगे, "हा माझा नोकर नव्हे, मुकादमाचा माणूस", मुकादम सांगे, "मी कसला मालक? मीही हमालच." अशा रीतीने शंभर किलोचे पोते पाठीवर घेणाऱ्या माणसाला कायद्याच्या दृष्टीने मालकच नव्हता! अण्णासाहेब पाटलांनी ही माणसे एकत्र केली आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. या कायद्याचे मर्म साधे आहे. कामगाराची नोंद मंडळाकडे, व्यापाऱ्याचीही नोंद मंडळाकडे. मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही व्यापाऱ्याने मंडळात भरायची आणि मंडळाने पगार, भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजेचा पैसा कामगाराला द्यायचा. मालक बदलला तरी हक्क बदलत नाही. असंघटित मजुरांसाठी देशात इतकी मुळाला हात घालणारी व्यवस्था मला दुसरी दिसली नाही. माझ्या संघटनेच्या अभिमानाचा भाग यातून वजा करावा. तरी पुष्कळ उरेल.

बाजार हलला तेव्हा या कायद्याची परीक्षा झाली. व्यापारी गाळा बदलू शकतो, आडतीची पाटी बदलू शकतो, पण नोंदलेल्या टोळीला टाळू शकत नाही. टोळ्या बाजाराबरोबर आल्या. मात्र कामगार येथे आणि खोली मस्जिदला, अशी कित्येक वर्षे गेली. वाशीपर्यंत लोकल गाडी सुरू झाली ती ९ मे १९९२ रोजी. तोपर्यंत खाडीपुलावरून बस, नाही तर मालाच्या ट्रकची पाठ. पुढे कोपरखैरणे, घणसोली येथे माथाड्यांसाठी लहान लहान घरे झाली. मीही त्याच वस्तीत राहतो. तेव्हा ध्यानात घ्या, या नव्या शहरात हक्काने आणि कामासाठी जे आधी आले, त्यांत पाठीवर ओझे वाहणारा मोठा होता. श्रीमंत मागाहून आला, रस्ता, रेल्वे, पाणी सर्व झाल्यावर.

आणि या सर्वांच्या आधीपासून येथे होते ते आगरी आणि कोळी. त्यांची भाताची खारजमीन, मिठागरे, खाडीची मासळी. बाहेरच्या माणसाला जी पडीक दलदल दिसली, ती बांध घालून पिढ्यान् पिढ्या राखलेली शेती होती. ती सरकारने संपादन केली. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले आणि १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासई-नवघर भागात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत, हे तत्त्व या रक्तातून मान्य झाले. आज जमीन संपादनाच्या चर्चेत सरकारी अधिकारी ते तत्त्व स्वतःची उदार कल्पना म्हणून सांगतात, तेव्हा मला गंमत वाटते.

आता श्रीमंत कसा आला ते पाहू. इंग्लंडात एबनेझर हॉवर्ड नावाचा एक लघुलेखक होऊन गेला. शिक्षण बेताचे, म्हणून मला तो जवळचा वाटतो. त्याने १८९८ साली उद्यान-नगरांची कल्पना मांडली आणि १९०३ मध्ये लेचवर्थ हे गाव वसू लागले. त्याची किल्ली अशी की, शेतजमीन शहर झाल्यावर तिची जी किंमत वाढते, ती कोणा एकाची कमाई नव्हे. ती तेथील रहिवाशांच्या सामायिक मालकीची राहावी. सिडकोनेही जमीन स्वस्तात घेऊन विकसित करून महाग विकायची आणि त्या पैशातून रस्ते, नळ, स्थानके बांधायची, असाच हिशेब मांडला. पण तिने जमीन दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने देऊन टाकली. पुढची वाढ घेणाऱ्याच्या खिशात गेली. शिवाय खर्च भागविण्यासाठी भूखंड चढत्या बोलीने विकायचा म्हटल्यावर तो माथाडीला मिळणार की बांधकाम-व्यावसायिकाला, हे सांगायला ज्योतिषी नको. सीवूड्सला परदेशस्थ भारतीयांसाठी सिडकोनेच संकुल उभारले. आराखडा कोणी फाडला नाही. तो फायलीत तसाच राहिला आणि शहर बोलीप्रमाणे वाढत गेले.

बेलापूरचे आर्टिस्ट्स व्हिलेज पाहायला मी नवख्या कार्यकर्त्यांना मुद्दाम नेतो. ऐंशीच्या दशकात कोरियांनी ते आखले. सात-सात घरे, मध्ये चौक, घराला सामायिक भिंत नाही. म्हणजे गरिबाला पैसा मिळेल तसे घर वाढविता यावे. भूखंडही गरिबाचा आणि सुस्थिताचा यांत फार अंतर नाही असे. आज तेथील पुष्कळ जुनी कौलारू घरे जाऊन त्या जागी दुमजली, तिमजली बंगले उभे आहेत. घर वाढले खरे. पण वाढविणारा बहुधा दुसराच.

पाम बीचच्या इमारतींत मी जातो तो तेथे काम करणाऱ्या बायकांच्या संघटनेसाठी. तीन घरी धुणीभांडी, एका घरी पोळ्या, एका घरी म्हातारीची सेवा. मालक पाच, आणि विचाराल तर मालक एकही नाही. एका संकुलात या बायकांना वेगळी लिफ्ट आहे आणि बागेतल्या बाकावर बसायची मनाई. तेथील एका गृहस्थांनी मला सौजन्याने चहा दिला आणि म्हणाले, "पाटीलसाहेब, या बायका तुमच्या माथाड्यांसारख्या कशा? यांना आम्ही घरच्यासारख्या वागवतो." मी म्हटले, "घरच्या माणसाची रजा कापतात का?" २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला. पण माथाडी कायद्यात जे हाड आहे, मालकाने मजुरी व लेव्ही मंडळात भरण्याचे, ते यात घातलेले नाही.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. दि. बा. पाटलांचे नाव त्याला द्यावे म्हणून २०२१ साली भूमिपुत्रांनी मानवी साखळी केली होती, हे आपणांस आठवत असेल. नावाचा आग्रह रास्तच आहे. पण त्या विमानतळावर सामान चढविणारे, झाडणारे, पहाऱ्याला उभे राहणारे हजारो हात लागणार, आणि त्यांतले किती कंत्राटदाराच्या वहीत राहतील आणि किती मंडळाच्या, हे येत्या दोन-तीन वर्षांत ठरायचे आहे. आमच्या नोंदणीच्या अर्जांचे गठ्ठे कोपरखैरण्याच्या खोलीत तयार आहेत. उलवे आणि पनवेलकडच्या गावांत सभा सुरू झाल्या आहेत.