अटारी ५२०० : पर्यायी कन्ट्रोलर अडॅप्टर

अटारी ५२०० या अमेरिकी व्हिडिओ गेम कन्सोलला त्याच्या मूळ कन्ट्रोलरऐवजी दुसऱ्या घडणीची जॉयस्टिक जोडता यावी, यासाठी दोहोंच्या मध्ये बसवले जाणारे विद्युत मंडल. कन्सोल नोव्हेंबर १९८२ मध्ये अमेरिकेत विक्रीस आला आणि १९८४ मध्ये बंद झाला. एवढ्या थोड्या काळात सुमारे दहा लाख नग खपले. आत ६५०२ जातीचा प्रोसेसर, १६ किलोबाइट स्मृती आणि अटारीच्याच ४०० व ८०० या घरगुती संगणकांतील ॲन्टिक, जीटीआयए व पोकी या चिप होत्या. यंत्र म्हणून ते त्या काळात उजवेच होते. त्याची अपकीर्ती झाली ती कन्ट्रोलरमुळे, आणि अडॅप्टर बनवण्याचा उद्योग त्यातूनच निघाला. कन्सोल बंद पडून चार दशके उलटली, तरी हौशी मंडळींच्या टेबलांवर तो अजून चालू आहे.

मूळ कन्ट्रोलर. सीएक्स५२ हा मूळ कन्ट्रोलर उभट, हातात धरायचा. वर काडी, मध्ये स्टार्ट, पॉज व रीसेट ही बटणे, खाली टेलिफोनसारखा बारा कळांचा कीपॅड आणि दोन्ही कडांना फायरची दोन-दोन बटणे. काडी अनुरूप म्हणजे ॲनालॉग पद्धतीची आहे. तिच्याखाली ५०० किलोओहमचे दोन पोटेन्शिओमीटर (काडी हलली की विद्युत रोध बदलणारे भाग) असतात, एक आडव्या आणि एक उभ्या हालचालीसाठी. काडी सोडल्यावर ती मध्यावर आणण्यासाठी स्प्रिंग दिलेली नाही. ते काम बुडाशी असलेल्या रबरी आवरणाने करावे अशी अपेक्षा होती, पण रबराने ते कधीच नीट केले नाही. त्यामुळे ‘पॅक-मॅन’सारख्या खेळात हात ढिला सोडला तरी काडी आधीच्याच दिशेला कललेली राहते आणि वळणावर दिशा चुकते.

दुसरा दोष बटणांचा. रबरी बटणांच्या खाली कार्बनचा लेप दिलेल्या टिकल्या असतात. त्या लवचीक मुद्रित पट्टीवरच्या संपर्कबिंदूंवर टेकल्या की मंडल पूर्ण होते. काळाने लेप झिजतो, बिंदूंवर थर चढतो आणि बटण दाबूनही काही होत नाही. कन्सोलच्या पेटीवर वीज चालू-बंद करण्याचे एवढे एकच बटण आहे. खेळ सुरू करायचा तर कन्ट्रोलरवरचे स्टार्टच दाबावे लागते. ते मेले की चांगला कन्सोलही निरुपयोगी होतो. ही मांडणी सरळसरळ चुकीची होती. जो भाग सर्वांत लवकर झिजणार, त्याच्यावरच सगळा कारभार सोपवला गेला. जुन्या पट्टीच्या जागी सोन्याचा मुलामा दिलेली पट्टी बसवली की बटणांचा प्रश्न मिटतो. काडी मात्र तशीच राहते.

जोडणी. कन्ट्रोलरचे टोक १५ पिनांचे असते. पिन १ ते ३ कीपॅडचे तीन स्तंभ, ४ ही स्टार्ट, पॉज, रीसेट यांची सामाईक, ५ ते ८ कीपॅडच्या चार ओळी, ९ ही दोन्ही पोटेन्शिओमीटरची सामाईक, १० आडवा व ११ उभा अक्ष, १२ वर ५ व्होल्ट, १३ व १४ खालचे आणि वरचे फायर बटण, १५ ग्राउंड. म्हणजे एका वायरीतून तीन वेगळ्या जातींचे संदेश जातात : अक्षांसाठी रोध, फायरसाठी ग्राउंडला टेकणारा साधा स्विच आणि कळांसाठी ओळ-स्तंभांचे जाळे. नुसती चांगली जॉयस्टिक मिळाली म्हणून भागत नाही, याचे कारण हे.

अक्ष कसा वाचला जातो. रोध मोजण्याचे काम पोकी चिप करते, तेही आडवळणाने. प्रत्येक अक्षाच्या तारेवर एक कपॅसिटर असतो. पोकी आधी तो रिकामा करते, मग सोडून देते. पोटेन्शिओमीटरमधून येणाऱ्या विजेने तो भरत जातो आणि पोकी दूरदर्शन-चित्राच्या प्रत्येक ओळीबरोबर एक आकडा मोजत राहते. व्होल्टेजने ठरावीक उंबरठा ओलांडला की मोजणी थांबते. कमाल आकडा २२८. अमेरिकी प्रणालीत एक ओळ सुमारे ६३.५ मायक्रोसेकंदांची, म्हणून पूर्ण मोजणीला साधारण १४.५ मिलिसेकंद लागतात, चित्राच्या एका चौकटीहून थोडे कमी. काडी मध्यावर असताना आकडा ११४ च्या आसपास यावा. रोध जास्त, तर भरण सावकाश आणि आकडा मोठा. कन्सोलला काडी दिसतच नाही, त्याला दिसतो तो फक्त उशीर; अडॅप्टर बनवणाऱ्याने हे नीट समजून घेतले की पुढचा बहुतेक गुंता सुटतो.

व्यापारी साधने. कन्सोलच्या काळातच यावर उपाय निघाले. विको या कंपनीने मध्यावर परतणारी ॲनालॉग जॉयस्टिक आणि वेगळा कीपॅड काढला. इलेक्ट्रा कन्सेप्ट्सचे ‘मास्टरप्ले इंटरफेस’ हे खऱ्या अर्थाने अडॅप्टर होते. त्यात अटारी २६०० या कन्सोलची नऊ पिनांची साधी जॉयस्टिक लागायची आणि कीपॅडसाठी मूळ कन्ट्रोलरही त्यालाच जोडून ठेवायचा. आज हौशी मंडळी जे बनवतात त्यातले बरेचसे याच कल्पनेच्या नात्यातले.

साध्या जॉयस्टिकचा अडॅप्टर. २६०० च्या जॉयस्टिकमध्ये चार दिशांचे चार स्विच आणि एक फायर. दाबले की ग्राउंडला टेकतात, एवढेच. फायरची तार सरळ पिन १३ ला जोडता येते, कारण कन्सोललाही तेच हवे असते. दिशांसाठी ४०६६ ही स्वस्त चिप पुरते. तिच्यात चार इलेक्ट्रॉनिक स्विच असतात, नेमके लागतात तेवढे. प्रत्येक अक्षासाठी दोन रेझिस्टर एकामागे एक, पिन ९ आणि अक्षाची पिन यांच्या दरम्यान ठेवतात आणि प्रत्येक रेझिस्टरला ४०६६ च्या एका स्विचची पळवाट देतात. काडी मोकळी असताना एका रेझिस्टरला पळवाट मिळते, दुसरा मंडलात राहतो आणि मधला आकडा येतो. एका दिशेला दोन्ही रेझिस्टर मंडलात येतात, विरुद्ध दिशेला दोन्ही वगळले जातात.

यात एक बारीक मेख आहे. ४०६६ चा स्विच नियंत्रण-पिनवर व्होल्टेज असताना जोडला जातो आणि जॉयस्टिक दाबल्यावर ते व्होल्टेज शून्य होते. म्हणून एका दिशेची तार थेट चालते, तर दुसरीसाठी मध्ये एक ट्रान्झिस्टर घालून संदेश उलटा करावा लागतो. चारही तारांना ५ व्होल्टकडे ओढणारे रेझिस्टर हवेत. शिवाय काही किलोओहमचा एक रेझिस्टर कायम मंडलात ठेवावा, नाहीतर पोकी कपॅसिटर रिकामा करत असताना ५ व्होल्टची वीज थेट तिच्या अंगावर येते. ४०६६ चा स्वतःचा काहीशे ओहमचा रोध इथे नगण्य ठरतो. कपॅसिटर सगळे एकसारखे नसल्याने मधल्या मूल्यासाठी फिरवून जुळवता येणारा ट्रिमपॉट लावणे चांगले; एका कन्सोलवर जुळवलेला अडॅप्टर दुसऱ्यावर किंचित सरकलेला आढळू शकतो.

कीपॅड. हा भाग अनपेक्षितपणे सोपा आहे. कन्सोलला तीन स्तंभ, चौथी सामाईक तार आणि चार ओळी लागतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत अभियांत्रिकीचे विद्यार्थी प्रकल्पासाठी घेतात, त्या सोळा कळांच्या पातळ कीपॅडची रचना हुबेहूब तीच असते. चौथा स्तंभ पिन ४ ला जोडला की त्यातली पहिली कळ स्टार्ट, दुसरी पॉज आणि तिसरी रीसेट होते. चौथी रिकामी राहते. यामुळे मूळ कन्ट्रोलर सोबत अडकवून ठेवण्याची गरज उरत नाही. वरच्या फायरसाठी पिन १४ आणि ग्राउंड यांच्यामध्ये एक वेगळे बटण बसवावे लागते.

ॲनालॉगचा प्रश्न. साध्या जॉयस्टिकचा अडॅप्टर प्रत्येक अक्षाला तीनच आकडे देतो. चक्रव्यूहाच्या खेळांना ते उत्तम, पण कन्सोलबरोबर सुरुवातीला फुकट मिळणाऱ्या ‘सुपर ब्रेकआउट’ला त्याचा काही उपयोग नाही. त्यात फळीची जागा काडीच्या जागेवर ठरते, म्हणून फळी डावीकडे, मध्ये किंवा उजवीकडे एवढ्याच ठिकाणी उभी राहील. मूळ काडीला सरसकट नावे ठेवणारे हे विसरतात. मध्यावर न परतणे अशा खेळात सोयीचेच असते.

ॲनालॉगपण टिकवायचे तर जुन्या पीसीची गेम पोर्ट जॉयस्टिक जवळची. तिचे टोकही १५ पिनांचेच, पण पिनांची मांडणी वेगळी असल्याने ती थेट खुपसू नये. तिचे पोटेन्शिओमीटर सहसा १०० किलोओहमचे असतात, त्यामुळे कपॅसिटर फार लवकर भरतो. अक्षाच्या तारेवर जादा कपॅसिटर लावून वेळ वाढवता येतो, पण मग तो प्रत्येक फेरीआधी रिकामा करण्याचा भारही पोकीवरच पडतो. पोटेन्शिओमीटर बदलून ५०० किलोओहमचे बसवणे हा स्वच्छ मार्ग.

मायक्रोकन्ट्रोलर वापरल्यास आधुनिक गेमपॅडही जोडता येतात. सहज मिळणारे डिजिटल पोटेन्शिओमीटर बहुधा १०० किलोओहमपर्यंतचेच असतात, म्हणून दुसरी युक्ती करतात. ठरावीक रेझिस्टरच्या वाटेत इलेक्ट्रॉनिक स्विच ठेवून तो अतिशय वेगाने चालू-बंद करायचा. अर्धा वेळ चालू ठेवलेला रेझिस्टर दुप्पट मूल्याच्या रेझिस्टरसारखा वागतो. मात्र ही वीज पिन ९ वरूनच घ्यावी, पिन १२ वरून नाही. पिन ९ चा पुरवठा कन्सोल आपल्या मर्जीने तोडू शकतो. तो तोडल्यावरही अक्षावर आकडा येत राहिला, तर काही खेळ समोर अटारीचा ट्रॅक-बॉल आहे असे धरून चालतात आणि नियंत्रण बिघडते.

दोन काड्यांचा खेळ. ‘रोबोट्रॉन : २०८४’ला दोन काड्या लागतात, एक चालण्यासाठी आणि एक गोळीबारासाठी. मूळ खेळासोबत दोन कन्ट्रोलर शेजारी-शेजारी धरणारा प्लॅस्टिकचा साचा येत असे. अडॅप्टर बनवताना दुसऱ्या काडीला कीपॅड देण्याची गरज नसते. पिन ९, १० व ११ आणि मंडलाला लागणारे ५ व्होल्ट व ग्राउंड एवढ्या तारांवर काम भागते.