दोनदा विचारलं होतं

ठिकाण इंग्लंडमधलं नॉटिंगहॅम, क्वीन्स मेडिकल सेंटरचा वॉर्ड ई-१७. तारीख ४ जानेवारी २००१, गुरुवार. त्या दिवशी अठरा वर्षांच्या एका मुलाच्या पाठीच्या कण्यात चुकीचं औषध गेलं. मुलाचं नाव तेव्हा वर्तमानपत्रांतून जगभर पोचलं, पण इथे ते देत नाही. शिकवण्यासाठी केस सांगताना नावाशिवाय भागत असेल तर नाव गाळायचं, हा वॉर्डातला नियम लेखालाही लागू व्हावा. डॉक्टरांचीही नावं नकोत. त्यांची पदं पुरेशी आहेत, कारण ही सगळी हकिगत पदांचीच आहे.

तेहेतीस वर्षं आधी

औषधाचं नाव व्हिन्क्रिस्टिन. ते सदाफुलीपासून मिळतं, आपल्याकडे कुंपणाशी बारा महिने फुलणाऱ्या त्याच गुलाबी-पांढऱ्या सदाफुलीपासून. पेशीचं विभाजन ते मध्येच अडवतं, म्हणून रक्ताच्या कर्करोगावर, विशेषतः मुलांमधल्या, ते फार मोलाचं ठरलं. अमेरिकेत १९६३ साली त्याला मान्यता मिळाली. ते शिरेतूनच द्यायचं असतं. मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात गेलं तर मज्जातंतू एकामागून एक निकामी होतात. पाय लुळे पडतात, मग लुळेपणा वर चढत जातो, शेवटी श्वास. असं चुकून घडल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात १९६८ सालीच झाली आहे. म्हणजे २००१ साली ‘कुणाला माहीत होतं?’ म्हणायची सोय कुणालाच नव्हती.

सात महिने आधी

जून २००० मध्ये ब्रिटनच्या आरोग्य खात्याने रुग्णालयांतल्या चुकांवर एक अहवाल काढला. चुकांपासून शिकणारी, स्मरणशक्ती असलेली संस्था कशी उभी करायची, हा त्याचा विषय. त्यात हीच चूक नेमकी उदाहरण म्हणून घेतली होती: १९८५ पासून देशात किमान तेरा रुग्ण पाठीच्या कण्यात चुकीचं औषध गेल्याने मेले किंवा अपंग झाले. ही संख्या २००१ अखेर शून्यावर आणायची, असं उद्दिष्टही ठरलं. कागद पक्का होता. तो देशभरच्या वॉर्डांत पोचून तिथल्या सवयी बदलेपर्यंत मधल्या काळात रुग्ण येतच राहणार होते.

त्याच आठवड्यात

वॉर्डात रक्तविकार विभागाचा नवा रजिस्ट्रार रुजू झाला. जेमतेम दोन-तीन दिवस झालेले. आधी तो दुसऱ्या शहरातल्या रुग्णालयात होता. तिथे पाठीत द्यायची औषधं आणि शिरेतून द्यायची औषधं एकाच वेळी एका ठिकाणी कधी येतच नसत. त्यामुळे लंबर पंक्चरच्या, म्हणजे आपले लोक ज्याला ‘पाठीतलं पाणी काढणं’ म्हणतात त्याच्या, ट्रेवर जी सिरिंज आली ती पाठीसाठीचीच, हे त्याच्या डोक्यात नियमासारखं बसलेलं. नव्या ठिकाणची पद्धत त्याला कुणी बसवून समजावली नव्हती. आपल्याकडेही हे वेगळं नाही. बदली होऊन आलेला माणूस पहिल्या दिवशी हजेरीपटावर सही करतो, जेवण कुठे मिळतं ते विचारतो आणि कामाला लागतो. औषधांचं कपाट तो हळूहळू शिकतो, बहुतेकदा रुग्णावरच.

सकाळ

मुलाला ल्युकेमिया होता. उपचार यशस्वी झाले होते. आता आजार परतू नये म्हणून ठरावीक काळाने डोस चालू होते. व्हिन्क्रिस्टिन शिरेतून आणि सायटाराबिन पाठीत, ही दोन्ही औषधं वेगवेगळ्या दिवशी द्यायची असा मूळ शिरस्ता. पण असे रुग्ण वेळा चुकवतात, तरुण तर हमखास. त्यांना दोन-दोन खेपा पडू नयेत म्हणून दोन्ही औषधं एकाच दिवशी मिळतील अशी सोय करून दिलेली होती. सोय रुग्णाच्याच भल्याची. या प्रकरणात मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते, कारण हा निर्णय घेणाऱ्या माणसाला आपण कुठलं संरक्षण काढून टाकतो आहोत हे दिसण्यासारखं नव्हतं. दोन औषधांच्या मधली एक रात्र ही नुसती गैरसोय नव्हती. ती भिंत होती.

त्या सकाळी मुलगा आलाच नाही.

दुपारी चारच्या सुमारास

तो आजीबरोबर आला, न कळवता. सगळं नीट ठरवून, माणसं जागेवर ठेवून करायचं काम आता दिवस कलल्यावर, जे हाताशी असतील त्यांच्यावर आलं. औषधांच्या फ्रिजमध्ये दोन्ही सिरिंज मुद्दाम वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेल्या होत्या, पण वॉर्डात जाताना त्या एकाच पिशवीतून गेल्या. व्हिन्क्रिस्टिनच्या लेबलवर ते शिरेतून द्यायचं आहे हे छापलेलं होतं. दोन्ही सिरिंजचा सांधा मात्र एकच. शिरेची असो की पाठीची, कुठल्याही सुईला कुठलीही सिरिंज तेव्हा बसत असे.

पाचच्या सुमारास

ज्युनियर डॉक्टर लंबर पंक्चर करतो. रजिस्ट्रार शेजारी उभा राहून देखरेख करतो. पहिली सिरिंज, सायटाराबिन, बरोबर औषध, बरोबर जागी जातं. सुई जागच्या जागी आहे.

रजिस्ट्रार दुसरी सिरिंज हातात घेतो. लेबलवरचं रुग्णाचं नाव, औषध आणि डोस मोठ्याने वाचतो. कुठून द्यायचं, ते वाचत नाही. चौकशीत पुढे आलं की त्याच्या मनात दुसरं औषध म्हणजे मेथोट्रेक्सेट होतं, जे खरोखरच पाठीत देतात. डोळ्यांनी एक शब्द वाचला आणि डोक्याने दुसरा ऐकला.

ज्युनियर थांबतो. विचारतो, व्हिन्क्रिस्टिन?

उत्तर येतं, हो.

तो पुन्हा विचारतो, पाठीत व्हिन्क्रिस्टिन?

पुन्हा, हो.

तो टोपण काढतो आणि औषध देतो.

इथे जरा थांबू. हा प्रसंग वाचताना बहुतेक जण म्हणतात, ‘विचारायला हवं होतं.’ अहो, विचारलं होतं. एकदा नाही, दोनदा, आणि दुसऱ्या खेपेला तर नेमक्या त्याच मुद्द्यावर. दुसऱ्या प्रश्नात बरोबर उत्तर आलेलंच होतं. नव्हता तो पुढचा टप्पा: समोरच्याने ‘हो’ म्हटल्यावरही हात आखडता घेण्याचा. त्या ज्युनियरने नंतर चौकशीत जे सांगितलं त्याचा आशय असा: या उपचाराचा मला फारसा अनुभव नव्हता, देखरेख ते करत होते, विषय त्यांचा होता, त्यांना आव्हान देण्याच्या जागी मी नव्हतो.

हे वाक्य आपल्याकडच्या कुठल्याही मेडिकल कॉलेजच्या जेआर-वनच्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरच्या, तोंडी घाला, एक अक्षर बदलावं लागणार नाही. राउंडला सर बोलतात, मॅडम बोलतात, मग लेक्चरर, मग सीनियर. जेआर लिहून घेतो आणि इंटर्न बीपी घेतो. नर्सिंगची विद्यार्थिनी तर ट्रे धरून भिंतीला चिकटून उभी. प्रश्न विचारायला बंदी नसते. कौतुकही होतं कधीकधी. पण तो प्रश्न वरच्याने ‘हो’ म्हणावं यासाठीच असतो. जबाबदारी अलगद वर सरकावायची ती रीत असते. ‘सरांना विचारलंय’ म्हटलं की खालचा माणूस मोकळा. आणि सर? सरांना वाटतं, पोराने लेबल वाचलंच असेल. दोघांनी तपासलं म्हणजे दुप्पट सुरक्षा, असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात दोघंही एकमेकांवर टेकलेले असतात आणि औषधाकडे कुणीच पाहत नसतं.

२०१९ पासून आपल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचा भाग पहिल्या वर्षापासून आला, ते चांगलंच झालं. रुग्णाची माहिती लिफ्टमध्ये बोलू नये, संमती कशी घ्यावी, वाईट बातमी कशी सांगावी, हे विद्यार्थी शिकतात. पण लंबर पंक्चरच्या ट्रेपाशी तिसऱ्यांदा काय म्हणायचं, हे व्याख्यानात शिकवता येत नाही. वॉर्डातच ते चालतं किंवा चालत नाही. ‘सर, लेबलवर शिरेतून लिहिलंय, मी फार्मसीला फोन करतो,’ असं म्हणून सिरिंज ट्रेमध्ये परत ठेवणाऱ्या जेआरची संध्याकाळ कशी जाते, यावर सगळं अवलंबून. त्या दिवशी त्याला ओरडा बसला, तर पुढच्या दहा बॅचना निरोप पोचतो.

त्यानंतर

चूक ध्यानात आली आणि तातडीचे उपचार लगेच सुरू झाले. पण या औषधावर उतारा नाही, आणि एकदा मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात मिसळलेलं औषध पुरतं काढून घेता येत नाही.

२ फेब्रुवारी २००१, सकाळी ८.१०

मुलगा गेला. जवळजवळ चार आठवडे लागले. ज्या आजारासाठी तो आला होता, तो आटोक्यात होता.

एप्रिल २००१

प्राध्यापक ब्रायन टॉफ्ट यांचा चौकशी अहवाल आला. रुग्णालय चौकशीत सहसा एक गुन्हेगार शोधला जातो आणि फाइल बंद होते. टॉफ्ट यांनी तसं केलं नाही. नव्या डॉक्टरच्या ओळख-प्रशिक्षणातली उणीव, लेखी कार्यपद्धतीचा अभाव, औषधं एकत्र पोचण्याची वाट, लेबलं, सगळीकडे बसणारा सांधा, प्रश्न गिळायला लावणारी उतरंड, हे सगळं त्यांनी मांडलं. त्याच वर्षी देशासाठी सक्त नियम आले: पाठीत केमोथेरपी ठरलेल्या जागी, नोंद केलेल्या आणि प्रशिक्षित डॉक्टरांनीच द्यायची, आणि शिरेतली औषधं त्या वेळी तिथे असताच कामा नयेत. मधली भिंत पुन्हा बांधली गेली.

सप्टेंबर २००३

रजिस्ट्रारने सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला. आठ महिन्यांची शिक्षा झाली, ती कोठडीत आधीच भोगून झालेली होती. मी त्याची बाजू घेत नाही. लेबल वाचणं हे त्याचं काम होतं आणि ते त्याने केलं नाही. पण पिंजऱ्यात तो एकटा होता, आणि एकाच पिशवीतून दोन सिरिंज जाऊ देणाऱ्या व्यवस्थेला उभं करायला पिंजरा नव्हता.

सहा वर्षांनी, पंधरा वर्षांनी

चूक नॉटिंगहॅमबरोबर संपली नाही. २००७ साली हाँगकाँगमध्ये एका तरुणीचा जीव याच औषधाने, याच रीतीने गेला. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी जगभरच्या रुग्णालयांना इशारा दिला: व्हिन्क्रिस्टिन सिरिंजमध्ये भरूच नका, सलाइनच्या छोट्या पिशवीत पातळ करून द्या. पाठीत औषध अगदी थोडं देतात, तेही सिरिंजने. स्टँडला टांगायची पिशवी कितीही दमलेला, कितीही घाईतला, कितीही वरिष्ठ डॉक्टर पाठीच्या सुईला लावायला जाणार नाही. या उपायाला कुणाचं धाडस लागत नाही, फार्मसीने एक पद्धत बदलली की झालं. तरीही नेहमीचं उत्तर असतं: पिशवी लावली की वेळ लागतो, आणि औषध शिरेबाहेर झिरपलं तर कातडी जळते. शंका खोटी नाही, पण झिरपण्याने हात दुखावतो, दुसऱ्या चुकीत माणूस जातो.

पाठीच्या सुयांसाठी वेगळ्या सांध्याचं आंतरराष्ट्रीय मानक आलं ते २०१६ साली. शिरेची सिरिंज त्याला बसत नाही. कुणी कुणाला दोनदा विचारलं तरी आणि उत्तर ‘हो’ आलं तरी बसत नाही.