ज्या संतापुढं पोर्तुगीज व्हाईसरॉयनं राजदंड ठेवला, त्याचं फेस्त आजही भरतं. जुन्या गोव्याची यात्रा नेमकी काय आहे?

गोवा म्हटलं की डोळ्यासमोर बीच येतो. पण दरवर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गोव्यात जी गर्दी होते, तिचा समुद्राशी संबंध नसतो. ही गर्दी पणजीपासून साधारण दहा किलोमीटरवरच्या जुन्या गोव्यात, म्हणजेच ओल्ड गोव्यात जमते. निमित्त असतं ३ डिसेंबरचं, संत फ्रान्सिस झेवियर यांच्या फेस्ताचं.

त्याआधी २४ नोव्हेंबरपासून नऊ दिवस नोव्हेना चालते. म्हणजे रोज प्रार्थना आणि मिस्सा. गोव्यातून तर लोक येतातच, पण सिंधुदुर्ग, बेळगाव, कारवारकडूनही येतात. काहीजण चक्क पायी. यात ख्रिस्ती असतात तसे हिंदूही असतात. गोव्यात या संताला 'गोंयचो सायब' म्हणतात, म्हणजे गोव्याचा धनी.

हे झेवियर कोण होते?

जन्म १५०६ चा, स्पेनमधल्या नवारचा. जेझुइट संघाच्या संस्थापकांपैकी ते एक. १५४२ मध्ये ते गोव्यात आले. पुढं मलाक्का, जपान असा प्रवास करत ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर त्यांचा मृत्यू झाला. १५५४ मध्ये त्यांचा देह गोव्यात आणला गेला आणि १६२२ मध्ये त्यांना संतपद मिळालं.

आज हा देह बॉम जेझूस बॅसिलिकामध्ये चांदीच्या पेटीत आहे. पेटी गोव्यातल्याच कारागिरांनी घडवली. खालचा संगमरवरी चौथरा मात्र इटलीतून आला, टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो यानं तो भेट म्हणून पाठवला होता. एरवी ही पेटी उंचावर असते. साधारण दहा वर्षांतून एकदा ती दर्शनासाठी खाली आणली जाते. गेल्या वेळी २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात हे दर्शन झालं.

झेवियर यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. गोव्यात इन्क्विझिशन आणा, अशी मागणी त्यांनी १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाकडं केली होती. ते न्यायालय त्यांच्या मृत्यूनंतर १५६० मध्ये आलं आणि मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत चाललं. त्यात अनेक गोवेकर भरडले गेले. त्यामुळं गोव्यात या नावाबद्दल भक्ती आहे, तसाच वादही आहे.

संभाजी महाराजांचा यात संबंध काय?

छत्रपती संभाजीनगर आज ज्या राजाच्या नावानं ओळखलं जातं, त्या छत्रपती संभाजी महाराजांनी १६८३ मध्ये पोर्तुगीजांची झोप उडवली होती. आधी पोर्तुगीजांनी फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला होता. महाराज स्वतः धावून आले आणि वेढा मोडला. मग २४ नोव्हेंबरच्या रात्री मराठ्यांनी थेट जुवे बेट, म्हणजे सांतो इस्तेव्हाव घेतलं. इथून पोर्तुगीजांची राजधानी, म्हणजे हेच जुनं गोवं, नदीपलीकडं होतं.

बेट परत घ्यायला गेलेला व्हाईसरॉय कोंद द आल्व्होर हरला. जीव वाचवून तो परतला आणि त्यानं झेवियर यांची शवपेटी उघडायला लावली. स्वतःचा राजदंड संतापुढं ठेवला आणि आता गोवा तूच वाचव, असं साकडं घातलं.

पुढं मराठे मागं फिरले. भाविकांनी याला चमत्कार म्हटलं. इतिहास मात्र दुसरं कारण दाखवतो. औरंगजेब १६८२ मध्ये दख्खनेत उतरला होता आणि सुरुवातीला त्याचा मुक्काम तेव्हाच्या औरंगाबादेत होता. त्याचा मुलगा शाह आलम मोठी फौज घेऊन कोकणाकडं निघाला होता. दोन आघाड्यांवर एकाच वेळी लढणं परवडणारं नव्हतं. त्यामुळं जुन्या गोव्याच्या बचावाचं उत्तर जितकं बॅसिलिकात आहे, तितकंच दख्खनच्या राजकारणातही आहे.

आज नोव्हेना २४ नोव्हेंबरलाच सुरू होते, हा निव्वळ तारखेचा योगायोग.

आणि बाजार?

जुनं गोवं एकेकाळी आशियातल्या मोठ्या बाजारपेठांपैकी एक होतं. नदीच्या धक्क्यावरून व्हाईसरॉयच्या कमानीतून आत शिरलं की 'रुआ दिरैता' हा मुख्य रस्ता लागायचा. १५८० च्या दशकात इथं राहिलेल्या लिन्सखोटेन या डच माणसानं रोज सकाळी चालणाऱ्या लिलावाचं वर्णन केलंय. अरबी घोडे, मसाले, मोती आणि माणसंसुद्धा. हो, गुलामांचाही लिलाव व्हायचा.

मग रोगराईच्या साथी आल्या, व्यापार घसरला आणि लोक निघून गेले. १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. घरं, दुकानं जमीनदोस्त झाली, पण चर्चेस उरली. या वास्तूंना १९८६ मध्ये जागतिक वारसा दर्जा मिळाला.

बाजार मात्र फेस्तापुरता परत येतो. मेणबत्त्या, चणे, कपडे, भांडी, खेळणी आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खाजे. बेसनाच्या तळलेल्या कांड्या गुळाच्या पाकात घोळवतात, त्यात आलं आणि तीळ. हिंदूंची जत्रा असो की ख्रिस्ती फेस्त, खाज्याशिवाय गोवेकर घरी जात नाही. या खाज्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय.

जाणार असाल तर

कोकण रेल्वेचं करमळी स्टेशन सगळ्यात जवळचं. बॅसिलिकासमोरच से कॅथेड्रल आहे. त्याचा एक मनोरा १७७६ मध्ये कोसळला, म्हणून ते एका बाजूला रिकामं दिसतं. थोडं चढून गेलं की सेंट ऑगस्टिनचा मोडका मनोरा. जॉर्जियाच्या राणी केतेवान यांचे अवशेष याच परिसरात सापडले आणि २०२१ मध्ये भारतानं ते जॉर्जियाला दिले. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घाला आणि मिस्सा सुरू असताना फोटो काढू नका.

बॅसिलिकाच्या लालसर भिंतींकडंही जरा थांबून बघा. फोटोत छान दिसणारा हा जांभा दगड मुळात उघडा नव्हता. त्यावर चुन्याचा गिलावा होता, तो १९५० च्या दशकात काढला गेला. तेव्हापासून गोव्याचा धो धो पाऊस थेट दगडावर पडतो आणि दगड झिजतोय. बॅसिलिकाच्या धर्मगुरूंनी याबद्दल जाहीरपणे चिंता व्यक्त केली आहे. मराठ्यांच्या हल्ल्यातून वाचलेलं जुनं गोवं आता पावसापासून वाचवायचं आहे, आणि तिथं राजदंड ठेवून भागणार नाही.