कंठातील दोन तंतू आणि चार दाणे

१९८४ साली ग्वाल्हेरास आमच्या आत्याबाईंच्या गलगंडाची शस्त्रक्रिया झाली. भूल उतरताच शल्यवैद्यांनी त्यांना प्रथम काही बोलावयास सांगितले. रोज पहाटे भूपाळ्या म्हणणाऱ्या आत्याबाई क्षीण स्वरात "पाणी द्या" म्हणाल्या, आणि डॉक्टरांचा चेहरा उजळला. त्या आनंदाचे मर्म आम्हांस पुढे वाचनातून उमगले.

स्वरयंत्र हलविणारे दोन मज्जातंतू तेथे थेट जात नाहीत. ते खाली उतरून, मोठ्या रक्तवाहिन्यांना वळसा घालून, थायरॉईड ग्रंथीच्या मागून पुन्हा वर चढतात. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गॅलेन याने डुकराचे हे तंतू बांधले, तेव्हा त्याचे ओरडणे थांबले. गळ्यातील गाठी काढताना हे तंतू तुटून आवाज गमावलेल्या मुलाची हकीकतही त्याने नोंदविली आहे.

दुसरी जोखीम आहे ती थायरॉईडला चिकटलेल्या, बहुधा चार, तांदळाच्या दाण्याएवढ्या परावटू ग्रंथींची. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ साली मेलेल्या भारतीय गेंड्याच्या विच्छेदनात रिचर्ड ओवेन यांना ही ग्रंथी आढळली. मनुष्यातील ग्रंथींचे वर्णन उप्साला येथील ईव्हार सँडस्ट्रोम यांनी १८८० साली केले. परंतु त्यांचे कार्य तेव्हा कोणास ठाऊक नव्हते.

त्याच काळात व्हिएन्नाचे बिलरोथ आणि बर्नचे कोखर गलगंड कापीत होते. बिलरोथ यांच्या रुग्णांना आकडी येई, तर कोखर यांचे रुग्ण सुजून मंद होत. अमेरिकन शल्यवैद्य हाल्स्टेड यांनी पुढे याची उकल केली. बिलरोथ यांचा हात वेगवान. त्यात थायरॉईडचे तुकडे मागे राहत आणि परावटू ग्रंथी निघून जात. त्या गेल्या की रक्तातील कॅल्शियम घटते. कोखर यांचा हात सावकाश व नेटका. परावटू वाचत, मात्र थायरॉईड समूळ निघे. कोखर यांनी जुन्या रुग्णांना परत बोलावून तपासले आणि १८८३ साली आपल्याच शस्त्रक्रियेचा दुष्परिणाम भर सभेत मांडला. १९०९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

तंतूला भिऊन दूर राहण्याऐवजी तो प्रत्यक्ष शोधून, डोळ्यांसमोर ठेवूनच कापावे, हा आग्रह बोस्टनच्या फ्रँक लाही यांनी १९३८ साली धरला. आज जोडीला विद्युत्-संकेतांनी तंतूची चाचणी होते. रक्तपुरवठा तुटलेली परावटू ग्रंथी बारीक चिरून स्नायूत रोवतात.

सरकारी सेवेत आम्ही पुष्कळ अहवाल पाहिले. स्वतःची चूक स्वतः लिहिलेले फारच थोडे. कोखर यांनी तसा एक लिहिला. आत्याबाईंच्या भूपाळ्या पुढेही आमच्या घरात घुमत राहिल्या, त्यात त्या अहवालाचा वाटा आहे असे आम्ही मानतो.