जोन्सची वजाबाकी

हेज फंडाचा मूळपुरुष दलाल नव्हता आणि बँकवालाही नव्हता. तो समाजशास्त्राचा डॉक्टर होता. आल्फ्रेड विन्स्लो जोन्स 1900 साली मेलबर्नला जन्मला, आईवडील अमेरिकन. हार्वर्डची पदवी घेऊन गडी बोटीवर पर्सर म्हणून लागला. 1930च्या दशकाच्या सुरुवातीला बर्लिनच्या अमेरिकी वकिलातीत होता, तिथे त्याची मार्क्सवाद्यांत ऊठबस. पुढे यादवी पेटलेला स्पेनही पाहून आला. कोलंबिया विद्यापीठासाठी त्याने प्रबंध लिहिला तो ओहायोतल्या अ‍ॅक्रन या टायर कारखान्यांच्या गावातली माणसं मालमत्तेच्या हक्काकडे कसं पाहतात यावर. असल्या माणसाने धनिकांच्या पैशाची जगातली सगळ्यात महागडी सोय काढावी, हा इतिहासाचा खोडसाळपणाच.

‘फॉर्च्यून’ मासिकासाठी बाजाराचे अंदाज वर्तवणाऱ्यांवर त्याने एक लेख लिहिला. तो मार्च 1949 मध्ये आला. लेख छापून होईपर्यंत जोन्सची खात्री पटली होती की बाजार वर जाणार की खाली, हे छातीठोकपणे कुणालाच सांगता येत नाही. त्यातून त्याने काढलेला निष्कर्ष मात्र चारचौघांपेक्षा वेगळा होता. बाजाराची दिशा कळत नसेल तर हिशेबातून ती दिशाच वजा करून टाकायची. चार मित्र जमवून त्याने एक लाख डॉलरची भागीदारी उभी केली. त्यातले चाळीस हजार त्याचे स्वतःचे.

ही वजाबाकी कशी चालते ते आकड्यांत बघू. भांडवल एक लाख. थोडं कर्ज काढून 1 लाख 30 हजारांचे चांगले वाटणारे शेअर घ्यायचे. दुसऱ्या बाजूला वाईट वाटणारे 70 हजारांचे शेअर उसने आणून विकायचे, म्हणजे शॉर्ट करायचे, भाव पडल्यावर स्वस्तात घेऊन परत करण्यासाठी. दोन्हींतला फरक 60 हजार. उलाढाल दोन लाखांची दिसत असली तरी बाजाराच्या तोंडी दिलेले पैसे एवढेच. आता बाजार 20 टक्के कोसळला असं धरा. निवड अगदी सर्वसाधारण असेल तर घेतलेल्या शेअरांत 26 हजार गेले, शॉर्टमध्ये 14 हजार आले, तोटा 12 हजार. पण निवड बरी असेल, घेतलेले शेअर 15 टक्केच पडले आणि शॉर्ट केलेले 25 टक्के पडले, तर 19,500 गेले आणि 17,500 आले. बाजारात हाहाकार, आणि आपले लाखाचे 98 हजार. कोणता शेअर बाजाराबरोबर किती जोरात हलतो याचंही माप जोन्स ठेवत असे. त्याला तो ‘वेग’ म्हणायचा. आजच्या पाठ्यपुस्तकांतला बीटा तोच. तो अर्थशास्त्रज्ञांच्या कागदावर यायच्या आधी जोन्सच्या वहीत होता.

कर्ज आणि शॉर्ट ही दोन्ही त्या काळी सट्टेबाजांची हत्यारं. सामान्यांच्या म्युच्युअल फंडांवर 1940च्या कायद्याने त्याबाबत कडक बंधनं होती. जोन्सने भागीदार शंभराच्या आत ठेवले आणि त्या कायद्याच्या बाहेर राहिला. 1952 मध्ये त्याने भागीदारीचं रूप बदललं. नफ्यातला पाचवा हिस्सा तो स्वतःकडे ठेवी आणि सांगताना फिनिशियन दर्यावर्दींचा दाखला देई: तेही म्हणे सफरीच्या नफ्यातला पाचवा वाटा घेत. दाखला ऐकायला छान आहे. पण नफ्यातला वाटा म्हणून घेतलेल्या पैशावर तेव्हा भांडवली नफ्याचा सुमारे 25 टक्के कर लागे, आणि पगार म्हणून घेतला तर वरच्या टप्प्यात 90 टक्क्यांहून अधिक. माझ्या मते हे कारण फिनिशियनांपेक्षा वजनदार होतं.

सतरा वर्षं हा उद्योग बिनबोभाट चालला. मग एप्रिल 1966 मध्ये ‘फॉर्च्यून’मध्येच कॅरल लूमिस यांचा लेख आला. पाच वर्षांच्या हिशेबात जोन्सने आपला वाटा वळता करूनही त्या काळच्या अव्वल म्युच्युअल फंडांना मागे टाकलं होतं, हे लोकांना कळलं आणि झुंबड उडाली. 1968च्या अखेरीस अमेरिकी बाजार नियामकाने मोजले तर असे 140 फंड निघाले. गंमत अशी की बाजार तेजीत असल्याने बहुतेकांनी शॉर्टची कटकट सोडूनच दिली होती. कर्ज तेवढं ठेवलं, पाचवा हिस्साही ठेवला, वजाबाकी मात्र गाळली. 1969-70च्या मंदीने त्यांतले कितीतरी धुऊन नेले. हेज फंडाच्या घराण्याचा हा जन्मजात रोग, आणि तो पुढच्या पिढ्यांतही उतरला आहे.

दुसरं घराणं ईटीएफचं, म्हणजे शेअरसारख्या बाजारात विकल्या जाणाऱ्या फंडांचं. त्याचा जनक नेथन मोस्ट, शिक्षणाने भौतिकशास्त्रज्ञ, अनुभवाने मालबाजारातला. खोबरेल तेलाचा व्यापार त्याने पाहिला होता. तेलाची पिंपं गोदामात जागची हलत नाहीत, हातोहात फिरते ती गोदामाची पावती, हे त्याला ठाऊक होतं. ऑक्टोबर 1987च्या पडझडीनंतर नियामकाच्या अहवालात सूचना आली की अख्ख्या बाजाराची मोट एका कागदावर विकता आली असती तर घबराट कमी झाली असती. अमेरिकन स्टॉक एक्स्चेंजचा धंदा तेव्हा रोडावत होता; तिथे काम करणारे मोस्ट आणि त्याचा सहकारी स्टीव्हन ब्लूम यांनी ती सूचना उचलली. पाचशे कंपन्यांचे शेअर गोदामात ठेवायचे आणि पावती बाजारात फिरवायची. मोस्ट आधी व्हॅनगार्ड या फंड कंपनीच्या जॉन बोगलकडे गेला. बोगलने आराखड्यातल्या चुका काढून दाखवल्या आणि नकार दिला. निर्देशांक फंड घेऊन गप्प बसावं असं मानणाऱ्या माणसाला दिवसभर खरेदी-विक्री होणारा फंड कसा रुचावा? अमेरिकेच्या आधीच, 1990 मध्ये, टोरांटोच्या बाजारात याच धर्तीचा कागद आला. अमेरिकेत मोस्टचा हा ईटीएफ, एसपीवाय, 29 जानेवारी 1993ला सुरू झाला.

दोन्ही घराण्यांची सोयरीक इथे जुळते. अमेरिकेत 1938 पासून नियम होता की भाव पडत असताना शॉर्ट करता येणार नाही, आधी भाव किंचित तरी वर गेला पाहिजे. एसपीवायला या नियमातून सूट मिळाली. जोन्सला शॉर्टसाठी एकेक रद्दी कंपनी हुडकावी लागे. आता अख्खा बाजार एका ऑर्डरीत शॉर्ट करता येऊ लागला. बिनकटकटीच्या बचतीचं साधन म्हणून आपण ज्याला ओळखतो, ते व्यावसायिकांच्या हाती वजाबाकीचं हत्यार झालं.

अमेरिकेतल्या घरच्या गुंतवणूकदाराला हे हत्यार मिळालं ते 2006च्या जूनमध्ये, उलट्या चालीच्या ईटीएफच्या रूपात. निर्देशांक आज एक टक्का पडला तर हे एक टक्का चढणार. सोपं वाटतं, पण त्यातली मेख ‘आज’ या शब्दात आहे. निर्देशांक 100 वरून 110 झाला आणि दुसऱ्या दिवशी परत 100 वर आला. उलटा ईटीएफ पहिल्या दिवशी 90 झाला. दुसऱ्या दिवशी निर्देशांक 9.09 टक्के पडला, म्हणून हा तेवढाच चढून 98.18. बाजार होता तिथेच, आणि तुमचे पावणेदोन रुपयांहून अधिक गेले. वर्षभर धरून ठेवणाऱ्याचं काय होत असेल, हिशेब करून बघा.

त्यामुळे पुस्तकं वाचून घरी हेज फंड मांडणाऱ्यांनी वेगळीच वाट धरली. हॅरी ब्राउन नावाच्या लेखकाने फार आधी सांगितलं होतं: शेअर, दीर्घ मुदतीचे रोखे, सोनं आणि रोकड, प्रत्येकी पाव हिस्सा, आणि वर्षातून एकदा तोल सारखा करायचा. मेबेन फेबर या फंड व्यवस्थापकाने 2007 मध्ये अशा विभागणीसाठी एक चाळण मांडली: भाव दहा महिन्यांच्या सरासरीखाली गेला की तो हिस्सा विकून रोकडीत बसायचं. त्याच वर्षी एमआयटीचे अँड्र्यू लो आणि यास्मिना हसनहोजिच यांनी 1,610 हेज फंडांची आकडेवारी तपासून दाखवलं की यांच्या परताव्याचा बराच भाग शेअर, रोखे, डॉलर, कच्चा माल अशा साध्या साधनांच्या मिश्रणाने नक्कल करता येतो. नफ्यातला पाचवा हिस्सा घेणाऱ्यांना हे झोंबलं असणार. 2009 मध्ये तर असली नक्कलच ईटीएफ होऊन बाजारात आली.

आमच्याकडे पहिला ईटीएफ मुंबईत बेंचमार्क म्युच्युअल फंडाने काढला, 2001च्या अखेरीस, निफ्टी बीज. याच बेंचमार्कने मे 2002 मध्ये सोन्याच्या ईटीएफचा प्रस्ताव सेबीपुढे ठेवला होता. जगात असा कागद तेव्हा नव्हता. परवानगीच्या फेऱ्यांत 2007 उजाडलं. तोवर ऑस्ट्रेलियाने 2003 मध्ये आणि अमेरिकेने 2004 मध्ये बाजी मारली होती. कल्पना मुंबईची आणि मान दुसऱ्यांचा, ही रुखरुख राहतेच. रोकडीसाठी 2003 मध्ये लिक्विड बीज आला, रोख्यांसाठी 2019 मध्ये भारत बाँड. म्हणजे ब्राउनचे चारही हिस्से आता एका डीमॅट खात्यात बसतात, आणि निफ्टी ईटीएफचा खर्च शंभर रुपयांमागे वर्षाला काही पैसे. 2008 मध्ये निफ्टी निम्म्याहून खाली गेला तेव्हा रुपयांतलं सोनं चढलं होतं. मार्च 2020 मध्ये मात्र सोनंही काही दिवस शेअरांबरोबर पडलं, आणि 2022 मध्ये अमेरिकेत शेअर आणि रोखे हातात हात घालून घसरले. विभागणी बहुतेक वेळा सांभाळते. तिने नेहमीच सांभाळावं असा काही करार नाही.

आणि वजाबाकी? उलटा ईटीएफ भारतात नाही. शेअर उसने घेण्याची योजना कागदावर आहे, छोट्या माणसाच्या कामाची नाही. उरतो निफ्टीचा वायदा. त्याचा एक करार 2024च्या नोव्हेंबरपासून किमान 15 लाखांचा. ज्याच्याकडे चार लाखांचे निफ्टी बीज आहेत त्याने संरक्षण म्हणून एक वायदा विकला तर तो सुरक्षित होत नाही, 11 लाखांचा मंदीवाला होतो. बाजार दहा टक्के चढला की 1 लाख 10 हजारांचा फटका. हेज करायला गेला आणि सट्टा करून आला.

जोन्सच्या पद्धतीचे फंड आपल्याकडे पर्यायी गुंतवणूक निधी म्हणून 2012 पासून आहेत, किमान रक्कम एक कोटी. एप्रिल 2025 पासून सेबीने ‘विशेषीकृत गुंतवणूक फंड’ सुरू केले. त्यात दहा लाखांपासून प्रवेश आहे, आणि फंडाला मालमत्तेच्या 25 टक्क्यांपर्यंत शॉर्ट करता येतं. दहा लाखांखालच्या माणसाने चार हिश्शांची मांडणी खुशाल करावी. ती चांगली मांडणी आहे. खरेदी करताना ईटीएफचा बाजारभाव त्याच्या चालू मालमत्ता मूल्याशी ताडून पाहावा, लिमिट ऑर्डर टाकावी. आणि हिलाच कुणी सल्लागार ‘घरगुती हेज फंड’ म्हणून फी मागू लागला, तर यातली शॉर्टची बाजू कुठे आहे एवढं त्याला आधी विचारावं.